रविवारी दहा वाजता मांडलेलं टेबल : डीम्ड कन्व्हेयन्सची सव्वादोन वर्षं

आमच्या इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर नाही, हे मला या घरात राहायला येऊन कितीतरी वर्षं झाल्यावर कळलं. इमारत १९९८ची, चाळीस सदनिका, संस्था नोंदली गेली २००१ मध्ये. मोफा कायद्याच्या, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या राज्याच्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे आपण ज्याला कन्व्हेयन्स म्हणतो ते, करून द्यायला हवं होतं. त्यांनी दिलं नाही, आम्ही मागितलं नाही, आणि वीस वर्षं गेली. बिल्डर देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीनंतर संस्था थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करू शकते. त्याला मानीव अभिहस्तांतरण किंवा डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात.

हे काम आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये हाती घेतलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये संपवलं. कायद्याची बाजू कुठलाही चांगला वकील समजावून सांगेल. पण चाळीस घरांना, ज्यातल्या एकावरही तुमचा अधिकार चालत नाही, एका कामात दोन वर्षं कसं बांधून ठेवायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे लिहिताना भर त्यावर जास्त आहे.

१४ ऑगस्ट २०२२ ला नवी समिती निवडली. निवडली म्हणायचं, पण नावंच पुढे येत नव्हती. तळमजल्यावरचे काका अध्यक्ष झाले, एसटीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. तिसऱ्या मजल्यावरचा एक तिशीतला मुलगा खजिनदार झाला. मी सचिव. मी एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करते, त्यामुळे कागदांची भीती नव्हती. माणसांकडून काम करून घ्यायचा अनुभव मात्र दोन सहकाऱ्यांपलीकडे नव्हता.

२५ सप्टेंबरला वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली कमी संख्या लागते, आमच्याकडे वीस. दहा वाजता सतरा माणसं होती. सभा अर्धा तास तहकूब करून साडेदहाला पुन्हा सुरू केली. अशा तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मी भिंतीवर चित्रं दाखवत चाळीस मिनिटं बोलले. कन्व्हेयन्स नसेल तर पुनर्विकासात काय अडचण येते, वाढीव चटई क्षेत्राचा फायदा कुणाला जातो, सगळं सांगितलं. ठराव एकमताने मंजूर झाला, दर सदनिकेमागे ७,५०० रुपये वर्गणी ठरली, सगळ्यांनी चहा घेतला आणि माणसं घरी गेली. मला वाटलं, काम सुरू झालं.

ऑक्टोबर ते डिसेंबर मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश टाकत राहिले. "सर्व सभासदांनी करारनाम्याची प्रत, इंडेक्स टू आणि भाग दाखल्याची प्रत जमा करावी." (इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताच्या नोंदीचा उतारा, भाग दाखला म्हणजे शेअर सर्टिफिकेट.) असे चौदा संदेश टाकले. दर संदेशाखाली पाचसहा अंगठे यायचे. डिसेंबरच्या शेवटी मोजलं तर चाळीसपैकी आठ घरांचे कागद आले होते. चिडून मी लोकांना बेजबाबदार म्हणत होते. ते मी घरीच म्हटलं, बाहेर नाही, पण म्हटलं.

सुट्टीत एक दिवस मी आमच्याच घराची फाईल काढली. भाग दाखला अजून सासूबाईंच्या नावावर होता. त्या २०१६ मध्ये गेल्या. नामनिर्देशन माझ्या यजमानांच्या नावे होतं, पण नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही, वारसांचा हक्क राहतो; म्हणजे नणंदेचं हक्कसोडपत्र करून ते नोंदवणं भाग होतं. सहा वर्षं आम्ही ते टाळलं होतं, कारण बहिणीपुढे तो विषय काढणं अवघड वाटत होतं. जो कागद मी एकोणचाळीस घरांकडे मागत होते, तो माझ्याच घरात पूर्ण नव्हता.

नणंदेकडे गेलो. ती सहज म्हणाली, "वहिनी, एवढ्यासाठी थांबला होतात? मला एक फोन करायचा." हक्कसोडपत्र नोंदवून, हस्तांतरणाचा अर्ज समितीपुढे ठेवून दाखला नावावर व्हायला बावीस दिवस लागले. त्या बावीस दिवसांत मला पहिल्यांदा समजलं की लोक कागद का आणत नाहीत. आळस थोड्यांचाच असतो. बहुतेक घरांत त्या कागदामागे काहीतरी अडलेलं असतं, आणि ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नसतं.

८ जानेवारी २०२३, रविवार. सकाळी दहा वाजता मी आणि काकांनी पार्किंगमध्ये एक घडीचं टेबल मांडलं. चाळीस पानांची वही केली, दर सदनिकेला एक पान. पानावर पाच चौकोन : करारनामा, इंडेक्स टू, भाग दाखला, वर्गणी, आणि अडचण काय. बोर्डावर लिहिलं, दर रविवारी दहा ते साडेदहा. त्या दिवशी दोघंजण आले. पुढच्या रविवारी कुणी नाही. मी आणि काका अर्धा तास बसलो, साडेदहाला टेबल उचललं.

तिसऱ्या रविवारी चार आले. एक काका म्हणाले, मागचे दोन रविवार गॅलरीतून बघत होतो, बसता की नाही ते. हे वाक्य मी विसरले नाही. पुढची पावणेदोन वर्षं ते टेबल एकदाही रद्द झालं नाही. माझ्या भाच्याच्या लग्नाच्या दिवशी खजिनदार बसला, मुसळधार पावसात जिन्याखाली मांडलं. वेळ मात्र कधी वाढवलीही नाही. साडेदहा म्हणजे साडेदहा, कुणी बोलत असेल तरी वही बंद. सुरुवातीला हे तुटक वाटायचं. पण अर्ध्या तासाचंच काम आहे हे पटल्यावर लोक खाली यायला कचरेनासे झाले.

मागण्याची पद्धतही बदलली. ग्रुपवर "सर्वांनी" लिहिणं बंद केलं. एका माणसाला एकच गोष्ट मागायची आणि दिवस सांगायचा. "दादा, पुढच्या रविवारी करारनाम्याची पहिली चार आणि शेवटची चार पानं आणाल? झेरॉक्स मी काढते." आणि तो दिवस आला की विचारायचं. नाही आणलं तर रागवायचं नाही, पुढचा दिवस त्यांच्याकडूनच घेऊन त्यांच्यासमोर वहीत लिहायचा. स्वतः सांगितलेला दिवस माणूस सहसा पाळतो. मार्चअखेर एकतीस घरांचे कागद आले.

मधल्या काळात माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती लिहिल्याशिवाय हे कथन खरं होणार नाही.

फेब्रुवारीत वेग येतोय असं दिसल्यावर मला घाई झाली. बाकी राहिलेल्या घरांची यादी मी बोर्डावर लावली, सदनिका क्रमांकासह, वर लाल अक्षरांत "असहकार करणारे सभासद". काका म्हणाले होते, "अगं, एक दिवस थांब, मग लाव." मी थांबले नाही. संध्याकाळी खाली आले तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बोर्डापुढे उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत या इमारतीत माझं नाव असं कधी लागलं नव्हतं." आणि जिना चढून गेल्या.

त्यांचे यजमान गेल्यावर घराचे मूळ कागद पुतण्याने सांभाळायला म्हणून नेले होते आणि आता तो परत देत नव्हता. आजींना ते कुणाला सांगायचं नव्हतं. मी यादी काढली आणि त्याच रात्री त्यांच्याकडे गेले. क्षमा मागितली. त्या रडल्या, मीही. दुसऱ्या दिवशी, जिथे यादी होती तिथेच, तशी यादी लावणं चूक होतं असं माझ्या सहीने लिहून लावलं. जे चारचौघांत केलं त्याची दुरुस्ती बंद दाराआड करून भागत नाही, असं मला वाटतं. आजींच्या करारनाम्याची प्रमाणित नक्कल आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवली. नोंदणीकृत दस्ताची नक्कल अर्ज करून आणि फी भरून मिळते, मूळ कागद हातात नसला तरी. पुतण्याशी बोलायची गरजच पडली नाही. ज्यांच्याकडे मूळ कागद नाहीत, ते बँकेत अडकलेत किंवा नातेवाइकांकडे आहेत, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक २, हे या अर्जातलं सगळ्यात वेळखाऊ प्रकरण होतं. ज्यांनी २००२ नंतर घर विकत घेतलं त्यांचा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सापडला. आमच्या भागात त्याआधीचे दस्त ऑनलाइन नाहीत. तेवीस सदनिकांचे करार १९९७ ते २००० मधले, त्यांचा शोध कार्यालयात जाऊन हाताने. मी एकटीने जायला सुरुवात केली. चार रजा गेल्या, सात दस्त सापडले, आणि पाचव्या दिवशी डोकं इतकं दुखलं की मी अर्ध्यातून परत आले. त्या रविवारी काका टेबलापाशी शांतपणे म्हणाले, "तू एकटीच सगळं करत बसलीस तर आम्ही समितीत कशाला आहोत गं?"

काम वाटून देणं मला जड जात होतं. दुसरा चुकेल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर सगळं आपल्या हातात असल्याचं बरंही वाटत होतं. त्या दिवशी उरलेले सोळा दस्त मी निवृत्त झालेल्या दोन काकांकडे दिले. दिले म्हणजे पूर्ण दिले : यादी, पैसे, आणि कसं शोधायचं ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी माझ्यासारखं एकेका सदनिकेने न शोधता वर्षाप्रमाणे यादी लावली आणि एका खेपेत एका वर्षाच्या सगळ्या सूची बघितल्या. अकरा दिवसांत काम संपलं. चौथ्या मजल्यावरचे आजोबा आयुष्यभर आरेखक होते. क्षेत्रफळाचं सगळं काम त्यांच्याकडे गेलं. आठवड्यात ते मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि करारनामा शेजारी ठेवून आले. एकीकडे २,१८४ चौरस मीटर, दुसरीकडे २,१४८. दोन आकड्यांची अदलाबदल, पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली. मी एकटी असते तर अर्ज तसाच गेला असता.

मंजूर नकाशा आमच्याकडे नव्हता. ३ मार्च २०२३ ला माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर आलं की अभिलेख आढळून येत नाही. खचून जाण्यासारखं होतं, पण वकील म्हणाले की प्रथम अपील करा. अपिलाच्या सुनावणीत शोध घेण्याचे निर्देश मिळाले आणि मेमध्ये नकाशा हातात आला, दोन रुपये पानाप्रमाणे. या कागदाने पुढे आम्हाला वाचवलं.

बिल्डरला एप्रिलमध्येच वकिलामार्फत नोटीस पाठवली होती, पंधरा दिवसांची. "पत्ता सोडून गेले" असा शेरा मारून पाकीट परत आलं. ते पाकीट फोडू नका, तसंच फाईलला लावा, नोटीस दिल्याचा तो पुरावा असतो.

१२ जून २०२३ ला नमुना ७ मधला अर्ज, दोन हजार रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, दाखल केला. सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, सभेचा ठराव, सभासदांची यादी, चाळीस इंडेक्स टू, नमुन्यादाखल करारनामा, मिळकत पत्रिका, नकाशा, वास्तुविशारदाचा दाखला आणि नोटीस. एकूण ४१२ पानं. तीन आठवड्यांनी त्रुटीपत्र आलं : अकरा त्रुटी. पानांना क्रमांक नाहीत, दोन इंडेक्स टू वाचता येत नाहीत, एका सभासदाच्या नावात फरक, असं सगळं. समितीत नाराजी पसरली. मी त्रुटीपत्राच्या प्रती काढल्या आणि रविवारी टेबलावर अकरा ओळी अकरा जणांत वाटल्या, दर ओळीपुढे नाव आणि तारीख. २४ जुलैला अर्ज पुन्हा दाखल झाला. ज्यांना समितीत यायचं नव्हतं असे चौघे त्या अकरांत होते. छोटं, ठरावीक काम दिलं तर लोक येतात. पद दिलं की घाबरतात.

कार्यालयात जाण्याची एक शिस्त आम्ही लावून घेतली. एक रोजनिशी फाईलसोबत असायची. गेलेली तारीख, कुठल्या टेबलावर फाईल आहे, काय सांगितलं, पुढे कधी यायचं, सोबत काय आणायचं. कुणी गेलं तरी त्याच वहीत लिहायचं. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची, आवक क्रमांक आणि शिक्का स्पष्ट उमटलाय का हे तिथेच बघायचं. दर पंधरा दिवसांनी एक चक्कर, शक्यतो कार्यालय उघडल्यावर लगेच. आणि आवाज चढवायचा नाही. लिपिकाच्या टेबलावर आमच्यासारख्या कितीतरी फायली होत्या; जो माणूस मागच्या भेटीची तारीख आणि आवक क्रमांक लगेच सांगतो त्याची फाईल शोधणं त्यांनाही सोपं जातं.

बाहेर एका मध्यस्थाने दहा हजारांत महिन्याभरात आदेश आणून देतो असं सांगितलं होतं. समितीत त्यावर चर्चा झाली आणि एकदोघांना ते चुकीचं वाटलं नाही, हे लपवत नाही. खजिनदाराने एवढंच विचारलं, "हे बोर्डावर कसं लिहू?" झालेला प्रत्येक खर्च तो दर रविवारी बोर्डावर लिहीत होता, झेरॉक्सच्या चाळीस रुपयांपर्यंत. त्या प्रश्नावर विषय संपला. वर्गणी न देणारी दोन घरं होती. एकाने जुलैमध्ये, दुसऱ्याने नोव्हेंबरमध्ये दिली, आणि दोघांनीही कारण तेच सांगितलं, की हिशेब रोज डोळ्यांसमोर दिसतो.

पहिली सुनावणी ६ सप्टेंबर २०२३. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली होती. बिल्डरकडून कुणी आलं नाही. ४ ऑक्टोबरला दिवंगत बिल्डरचा मुलगा वकिलासह आला आणि हरकत घेतली की कोपऱ्यातली सुमारे तीनशे चौरस मीटर मोकळी जागा सोसायटीची नाहीच. घरी आल्यावर इमारतीत घबराट पसरली. रात्री अकराला माझ्या दारात सहाजण उभे होते. त्या क्षणी मला काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. वकिलांशी सकाळी बोलते, रविवारी दहाला सगळं सांगते, तोवर ग्रुपवर कुणी काही लिहू नका, एवढंच म्हटलं. खोटा धीर दिला नाही याचं आज बरं वाटतं. रविवारी टेबलापाशी सत्तावीस माणसं होती, वार्षिक सभेपेक्षा जास्त.

माहिती अधिकारात मिळालेल्या नकाशात तीच जागा याच भूखंडाच्या मंजूर मांडणीतली मोकळी जागा म्हणून दाखवलेली होती. आरेखक आजोबांनी तिन्ही कागदांवरची मोजमापं एका पानावर आणली, आकड्यांच्या अदलाबदलीच्या खुलाशासह. ८ नोव्हेंबरला ते पान वकिलांनी सादर केलं. २९ नोव्हेंबरला प्रकरण आदेशासाठी बंद झालं. अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यावा असं कायद्यात आहे; आमचा आदेश १९ जानेवारी २०२४ ला आला, पुन्हा दाखल केल्यापासून सहा महिन्यांच्या थोडा आत. एकतर्फी अभिहस्तांतरणाचं प्रमाणपत्र सोबत.

इथे काम संपलं असं वाटतं, पण संपत नाही. अभिहस्तांतरणाचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, जातो. सदनिकांच्या करारांवर भरलेलं मुद्रांक शुल्क तिथे विचारात घेतात, त्यामुळे कुणाच्या जुन्या करारावर शुल्क कमी भरलेलं असेल तर ते इथे वर येतं. वकिलांनी सप्टेंबरमध्येच तीन सदनिका दाखवून दिल्या होत्या. सुदैवाने डिसेंबर २०२३ मध्ये मुद्रांक शुल्क अभय योजना सुरू झाली. २००० सालापर्यंतच्या दस्तांवर कमी पडलेलं शुल्क एक लाखापर्यंत असेल तर पहिल्या टप्प्यात ते आणि त्यावरचा दंड पूर्ण माफ होता. तिघांचेही अर्ज आम्ही जानेवारीत भरले. कागद आधीच वहीत तयार होते म्हणून ते जमलं. त्या तीन घरांपैकी एक घर वर्गणी शेवटी देणाऱ्यांचं होतं.

मार्च ते जून २०२४ काही हललं नाही. लोकसभेची निवडणूक होती, कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. या चार महिन्यांत सगळ्यात अवघड गेलं ते टेबल मांडणं, कारण सांगायला नवीन काहीच नसायचं. तरी बसलो. "या आठवड्यात काही झालं नाही, पुढची चक्कर सोमवारी" एवढंही बोर्डावर लिहिलं. काम थांबलेलं असताना गप्प राहिलं की लोकांना वाटतं सोडून दिलं.

९ जुलै २०२४ ला दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदला. अध्यक्ष काका, खजिनदार आणि मी, तिघांचे फोटो आणि अंगठे. बाहेर आल्यावर काका काही बोलले नाहीत, फक्त फाईल माझ्याकडून घेऊन स्वतःच्या हाती धरली आणि घरापर्यंत तशीच आणली. २२ जुलैला नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नाव लावण्याचा अर्ज दिला. हा टप्पा बरेचजण राहू देतात. राहू देऊ नका. पत्रिकेवर नाव लागेपर्यंत पुढच्या कामात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. नोटिशीचा काळ गेला, एकदा फेरफारात संस्थेचं नाव चुकीचं टंकलं गेलं, ते दुरुस्त करून घेतलं. १८ ऑक्टोबरला पत्रिका मिळाली.

२० ऑक्टोबरच्या रविवारी मी तिच्या चाळीस प्रती घेऊन टेबलावर बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पहिल्या आल्या. चष्मा आणला नव्हता, म्हणून धारकाचं नाव मला मोठ्याने वाचायला सांगितलं. मी सोसायटीचं पूर्ण नाव वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

शेवटचा हिशेब खजिनदाराने त्याच दिवशी लावला. वकील १,२५,०००; वास्तुविशारद ४०,०००; मुद्रांक, नोंदणी आणि इतर शासकीय भरणा ४६,०००; जाहीर नोटीस १४,६००; शोध, नकला, झेरॉक्स आणि माहिती अधिकार १८,८००; टपाल व प्रवास १५,०००; कोर्ट फी २,०००. एकूण २,६१,४००. जमा ३,००,०००. उरलेले ३८,६०० रुपये दर सदनिकेला ९६५ प्रमाणे नोव्हेंबरच्या देखभाल बिलातून वजा केले.